न मोजलेला अनुशेष

महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचा विषय निघाला की अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीचे नाव आल्यावाचून राहत नाही; आणि ते यथार्थही आहे, कारण १९८४ साली सादर झालेल्या तिच्या अहवालाने मराठवाड्याच्या जुन्या गाऱ्हाण्याला आकड्यांचे बळ दिले. रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य व तांत्रिक शिक्षण, आरोग्यसेवा, पाणीपुरवठा, भूविकास, पशुवैद्यकीय सेवा अशा नऊ बाबींची तिने जिल्हावार मोजदाद केली. परंतु या मुलखातील माणसे कोणत्या रोगाने, कोणत्या वयात आणि कशामुळे खंगतात याचा शोध घेण्यावर किती द्रव्य खर्ची पडते, ही बाब त्या नवांत नव्हती. पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली, ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदतही सरली. संशोधनाचा अनुशेष मात्र कोणाच्याही तक्त्यात चढला नाही.

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचे. ‘घाटी’ या नावाने ते साऱ्या मराठवाड्याला परिचित आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून पार बुलढाण्यापर्यंतचा रुग्ण, गावच्या दवाखान्यात गुण आला नाही आणि खासगी रुग्णालयाचा खर्च झेपला नाही की, अखेर येथेच येऊन दाखल होतो. दारिद्र्य आणि रोग यांचे नाते शिकायचे असेल, तर तेथील केसपेपरांच्या गठ्ठ्यांहून मोठा ग्रंथ या विभागात सापडणार नाही. तो वाचायला मात्र सवड नाही आणि पैसाही नाही, कारण सकाळपासून बाह्यरुग्ण विभागातील रांग हटत नाही आणि अनुदानाचा शिरस्ता असा की ज्याच्या नावावर पूर्वीचे शोधनिबंध, ज्याच्यापाशी यंत्रे आणि इंग्रजीत प्रस्ताव रचणारा सिद्धहस्त कारकून, त्याचीच तजवीज आधी मंजूर व्हावी. गुणवत्तेची ही कसोटी दिसायला निर्दोष आहे. तिच्यामुळे ज्याला आधी मिळाले त्यालाच पुन्हा मिळत जाते, एवढाच तिचा दोष. देश संशोधनावर मुळात स्थूल उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्केच खर्च करतो, आणि त्या तोकड्या पांघरुणातला मराठवाड्याच्या वाट्याचा कोपरा तर शोधूनच काढावा लागतो.

या मुलखात संशोधन झालेच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. जगभरच्या स्त्रियांना उपयोगी पडलेले एक संशोधन आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, तो उस्मानाबाद होता त्या काळात, झालेले आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच ओळखण्यासाठी कोणती तपासणी श्रेयस्कर, हे ठरविण्यास मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तेथील खेड्यांचे ५२ समूह पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ज्या गटाची विषाणू-तपासणी, म्हणजे एचपीव्ही चाचणी, आयुष्यात एकदाच झाली, त्यात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, आणि जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. द्रव्य अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाचे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्राथमिक तपासणी म्हणून हीच विषाणू-चाचणी पुरस्कारिली. परंतु आपल्या सरकारी आरोग्य केंद्रांचा कार्यक्रम आजही मुख्यतः नुसत्या डोळ्यांनी करायच्या तपासणीवर बेतलेला आहे, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी या रोगाची कोणतीही तपासणी कधीही झालेल्या स्त्रिया शेकडा दोनही भरल्या नाहीत. त्या अभ्यासात तपासणी न झालेल्या गटातील ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना नेहमीच्या व्यवस्थेवर सोडून दिल्याबद्दल वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी पुढे आक्षेपही घेतले. ज्याचे द्रव्य, त्याचा प्रश्न, असा जगाचा रिवाज आहे. प्रश्न मांडताना जर मराठवाड्याचे स्वतःचे द्रव्य व स्वतःचा शब्द असता, तर तो आक्षेप आधीच विचारात घेतला गेला असता, असे मला वाटते.

याच्या अगदी उलट चित्र बीडचे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचे बोभाटे वर्तमानपत्रांतून झाल्यावर, विधिमंडळात गदारोळ होऊन, २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. शंभरांत सतरा हे प्रमाण पडते, आणि राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत ते सारे मिळून तीनच्या आसपास होते. समितीने मोजले, शिफारशी केल्या, आणि तिचे काम संपले. परंतु पस्तिशीत पिशवी काढलेल्या, त्यानंतरही पहाटे चारपासून मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या हाडांचे, हृदयाचे, मनाचे पुढील पंधरा वर्षांत काय होते? मुकादमाची उचल, एक दिवस पडला तरी कापला जाणारा खाडा आणि खोपीजवळ नसलेले न्हाणीघर यांचा त्या शस्त्रक्रियेशी किती संबंध आहे? हे समितीला सांगता येण्यासारखे नसते. त्यासाठी तीच माणसे वर्षानुवर्षे पुनःपुन्हा भेटावी लागतात.

आणि ती भेटत नाहीत, यात आपल्या हिशेबखात्याचा वाटा आहे. ऊसतोडीची जोडपी, ज्यांना ‘कोयता’ म्हणूनच मोजतात, दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. इकडे सरकारी अनुदानाचा हप्ता बहुधा वर्षाच्या उत्तरार्धात हाती पडतो आणि ३१ मार्चपूर्वी तो खर्ची टाकून उपयोगिता प्रमाणपत्र धाडावे लागते. म्हणजे पैसा असतो तेव्हा घराला कुलूप असते आणि माणूस येतो तेव्हा खाते कोरे असते! रोग परजिल्ह्यातील साखर कारखान्याच्या फडात जडतो, त्याची नोंद झालीच तर बीडच्या एखाद्या खासगी दवाखान्यात होते, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या तक्त्यांत ती बाई कोणाचीच नसते.

आधी डॉक्टर आणि औषधे पुरवा, संशोधनाचे पुढे पाहू, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि घाटीच्या रांगेत ताटकळणाऱ्याच्या तोंडी ते शोभतेही. राज्यकर्त्यांच्या तोंडी शोभत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्यास शिकवून मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखविले, १९९९ साली ते शास्त्रीय कसोटीवर सिद्ध केले, आणि म्हणूनच २०११ मध्ये तो आशा कार्यकर्तींमार्फत राष्ट्रीय कार्यक्रम झाला. नुसती सेवा केली असती, तर लाभ ३९ गावांपुरता राहिला असता. मागास मुलखात ज्ञानाची संस्था आधी काढावी लागते, हे या शहराला कोणी नव्याने सांगण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय येथे काढले ते येथे उच्च शिक्षणाची वानवा होती म्हणूनच. येथे आधीची गुणवत्ता किती, असा दाखला त्यांनी मागितला नव्हता.

द्रव्य कोठून आणावे, याचे उत्तर कायद्याच्या चौकटीतच आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घेण्याचे आणि तेवढीच रक्कम शासनाने घालण्याचे धोरण ठरलेले आहे. महाराष्ट्रात बऱ्या हंगामात सुमारे १० कोटी टन ऊस गाळला जातो. त्या वीस रुपयांतला केवळ एक रुपया संशोधनासाठी राखला तरी वर्षाला १० कोटींची सोय होईल, आणि घाटी, बीडचे जिल्हा रुग्णालय व विद्यापीठ यांना मिळून दहा-पंधरा वर्षे टिकणारा अभ्यास हाती घेता येईल. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांच्या आमदारांना माझी विनंती एवढीच आहे की येत्या अर्थसंकल्पात ही तरतूद मागावी, आणि तिचा हप्ता मार्चअखेरीस न देता बैलगाड्या व ट्रॅक्टर गाव सोडण्यापूर्वी, आश्विनात, हाती पडेल अशी अट त्याच ठरावात लिहून घ्यावी.