नेट नव्हे, कनेक्शन अडकतात

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, ठाणे

विषय : दाखल्यांच्या पोर्टलवरील ‘टाइमआउट’बाबत सेवा केंद्रचालकांचे मागणीपत्र

महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की शहापूर-मुरबाडच्या आमच्या केंद्रांवर उत्पन्नाच्या, जातीच्या दाखल्यांसाठी रांग लागते. डोळखांब, टोकावड्याकडची माणसे मजुरी बुडवून एसटीने येतात. ऐन गर्दीत पडद्यावर येते : कनेक्शन उपलब्ध नाही, 30000 मिलिसेकंदांनंतर विनंती रद्द. तक्रार केली की उत्तर ठरलेले, ‘तुमच्याकडचे नेट स्लो आहे.’ इथल्या रेंजचे रडगाणे आम्हालाही पाठ आहे. पण नेटच नसते तर सर्व्हरचा हा संदेश आमच्यापर्यंत पोचलाच नसता.

संदेशातले ‘कनेक्शन’ नेटचे नव्हे, सर्व्हरकडून डेटाबेसकडे जाणारे. अशी कनेक्शन मोजकी असतात. त्यांचा साठा म्हणजे पूल. जावात सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिकारीसीपी या पूलमध्ये मुळात 10 कनेक्शन आणि 30 सेकंदांची वाट, एवढेच ठरलेले असते. एक काम 200 मिलिसेकंदांत उरकले तर ही 10 कनेक्शन सेकंदाला 50 कामे उरकतात. तेच 5 सेकंद रेंगाळले तर फक्त 2. मंडळाची भांडी नेणाऱ्याने परतच केली नाहीत, तर पुढच्या लग्नाला मिळणार कुठून?

म्हणून नुसता ‘पूल वाढवा’ असा आमचा आग्रह नाही. पोस्टग्रेस डेटाबेसची मूळ मर्यादा 100 कनेक्शनची. चार सर्व्हरवर 50-50 चा पूल लावला तर डेटाबेसच दार लावून घेईल. कनेक्शन कोण धरून बसते, ते आधी शोधावे. त्यासाठी परत न आलेली कनेक्शन पकडणारी लीक-तपासणी चालू ठेवावी, रेंगाळणाऱ्या क्वेरी सुधाराव्यात. ओटीपी किंवा पैसे भरल्याचे उत्तर येईपर्यंत कनेक्शन अडवू नये. लोड टेस्ट मे महिन्यातच व्हावी, जूनच्या गर्दीत आमच्यावर नको.

टाइमआउट होऊन आमच्या वॉलेटमधून कापलेली आणि पावती न मिळालेली रक्कम आपोआप परत यावी.

सर्वांत महत्त्वाची मागणी मुदतीची. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार दाखल्याची मुदत अर्ज मिळाल्यापासून मोजतात. अर्ज टाइमआउटमध्येच अडला तर ती मुदत सुरूच होत नाही, आणि कागदोपत्री विलंबही दिसत नाही! म्हणून फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाला वेळेसह क्रमांक मिळावा आणि तीच अर्जाची तारीख धरावी. 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेच्या अर्जांची मुदत 15 जुलैवरून 31 ऑगस्टपर्यंत वाढली होती, दाखल्याअभावी प्रवेश अडलेल्या मुलांनाही तशी सवलत मिळायला हवी.

प्रवेशप्रक्रिया सुरू होण्याआधी या मागण्यांवर लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले,
सेवा केंद्रचालक संघटना, शहापूर व मुरबाड तालुके