कोवळा घोडा आणि लांबची मजल

मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरली की, लातूर-नांदेडकडच्या ज्या ज्या गृहस्थाला घोड्याची आवड आहे त्याची पावले तेथील घोडेबाजाराकडे आपोआप वळतात. त्या गर्दीत डोळ्यांत भरतो तो अडीच-तीन वर्षांचा, ताठ मानेचा, एक क्षणही स्वस्थ उभा न राहणारा कोवळा घोडा. आणि त्याचे ते तेज पाहताच हौशी स्वाराच्या मनात लांबच्या रपेटीचे बेत सुरू होतात. या बेतांना माझा स्पष्ट विरोध आहे. घोडा दाताने पुरा आणि अंगाने पक्का होईपर्यंत त्याला लांबच्या मजलेवर नेऊ नये, आणि ही गोष्ट केवळ स्वाराच्या विवेकावर न सोडता तिला नियमाचे बळ मिळावे, असे माझे मत आहे.

यातील खरा धोका असा की, कोवळा घोडा स्वाराला फसवतो. नियमाने फेरलेल्या घोड्याचे हृदय आणि दम काही महिन्यांतच तयार होतात. स्नायूही लवकरच भरतात. परंतु कंडरा, सांधे आणि हाडे यांना तीच मजबुती येण्यास वर्षे लागतात. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरील वाढीचे कूर्च साधारण अडीच वर्षांच्या सुमारास हाडात विलीन होते, तर ज्या पाठीवर खोगीर आणि स्वार यांचा सारा भार पडतो तिच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांच्या पुढेही चालू राहते. म्हणजे ज्या वयात घोडा धावण्यास सर्वांत उत्सुक असतो, नेमके त्याच वयात त्याचा सांगाडा त्या धावण्याला अपुरा असतो. शिवाय घोडा हा कळपाचा प्राणी. पुढचे घोडे चालत आहेत तोवर तो दुखऱ्या पायानेही त्यांच्यामागे जातो, आणि त्याच्या या स्वभावालाच आपण उमेद समजून बसतो.

त्यात आपल्या भागाचे ऊन. कडक उन्हात श्रम करणाऱ्या घोड्याच्या अंगातून तासाला दहा लिटरांहूनही अधिक घाम जाऊ शकतो, आणि पाण्याबरोबर क्षारही इतके जातात की, रक्तातील क्षारांचे प्रमाण न वाढल्यामुळे त्याला तहानेची जाणीवच पुरेशी होत नाही. पाणी समोर असूनही तोंड न लावणारा घोडा ताजातवाना आहे असे नवखा स्वार मानतो. जाणत्या मोतद्दाराच्या मनात मात्र तेथेच शंका उभी राहते.

१९५५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या शंभर मैलांच्या टेव्हिस स्पर्धेत सहा वर्षांखालील घोड्याला प्रवेश नाही, आणि आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १६० किलोमीटरांच्या शर्यतीसाठी घोडा किमान आठ वर्षांचा लागतो. लातूरहून नांदेडपर्यंतच्या सडकेपेक्षाही हे अंतर मोठे. तरीही तेथे चाळीस किलोमीटरांहून लांब टप्पा नसतो, प्रत्येक टप्प्यानंतर सक्तीची विश्रांती असते, आणि ठरावीक अवधीत नाडीचे ठोके मिनिटाला ६४ वर उतरले नाहीत किंवा चाल लंगडी दिसली, तर पशुवैद्य घोड्याला तेथेच बाद करतो.

हा शहाणपणा आपल्याला परका नाही. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या फौजेने ज्या उदगीरच्या परिसरात निजामावर विजय मिळवला, तो आज लातूर जिल्ह्यातच आहे. पुढे त्याच वर्षी ती फौज उत्तरेकडे गेली आणि पानिपतावर दाणावैरणीवाचून तिची जनावरे कशी खंगली, हे मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको. घोड्याच्या सामर्थ्याला सीमा असते, हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो आहोत. उलट बाजूने, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसाठी आळंदीपर्यंतची दीर्घ वाट पायी चालून येतात, ते मजल दरमजल, मुक्काम करीत. आणि आपला शेतकरी तरी काय करतो? देवणी किंवा लाल कंधारी गोऱ्ह्याला तो दात पाहिल्याशिवाय नांगराला जुंपत नाही. तोच न्याय घोड्याला लावण्यात संकोच कसला?

यावर घोडा पाळणारे म्हणतील की, चारा, हरभरा, नालबंदी यांचा खर्च दोन-तीन वर्षे बसून कोणी सोसावा? आक्षेप खोटा नाही. पण ही वर्षे रिकामी जावयाची नसतात. या काळात घोड्याला हाताने चालवावे, सडकेवरच्या वाहनांची सवय करावी, चाबूकस्वाराकडून लगाम आणि चाल शिकवावी. चौथ्या वर्षी हलका स्वार आणि छोटा पल्ला, तोही संथ गतीने. आणि पाचव्या वर्षी दात पुरे झाल्यावर हळूहळू अंतर वाढवावे. असा वाढवलेला घोडा पंधराव्या वर्षीही उमेदीने काम देतो. घाईने दामटलेला घोडा मात्र सहाव्या वर्षी लंगडा होऊन धन्याच्या दावणीला ओझे होतो, आणि तेव्हा वाचवलेल्या खर्चाचा सारा हिशेब उलटतो.

म्हणून माझी सूचना अशी की, यात्रेचा कारभार पाहणाऱ्या नांदेड जिल्हा परिषदेने माळेगावी नुसत्या वेगाऐवजी संयमाची कसोटी लागेल अशी वीस-तीस किलोमीटरांची रपेट सुरू करावी. तीत पाच वर्षांखालील घोड्याला मज्जाव असावा, वयाचा निर्णय धन्याच्या शब्दावर नव्हे तर दातांच्या तपासणीवर व्हावा, आणि पहिला क्रमांक सर्वांत आधी पोहोचणाऱ्याला न देता, ठरलेल्या वेळेत पोहोचून ज्याची नाडी आणि चाल सर्वोत्तम आढळेल त्याला द्यावा. तपासणीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि तेथील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना याहून उपयुक्त पाठ क्वचितच मिळेल. बक्षिसाची रीत बदलली की बाजारातील पारखही बदलते. आणि ज्या दिवशी माळेगावचा गिऱ्हाईक कोवळ्या घोड्याच्या वेगाऐवजी पक्क्या घोड्याच्या शाबूत पायांना जास्त किंमत देईल, त्या दिवसापासून घाई करणे कोणत्याही धन्याला परवडणार नाही.