बिडाचं हॉटेल

काळा घोडा भागातली एस्प्लनेड मॅन्शन पाडावी की राखावी, यावर तावातावाने बोलणाऱ्या बऱ्याच जणांनी तिच्यात कधी पाऊल टाकलेलं नसतं. मी तिथे सत्तावीस वर्षं एका वकिलाचा कारकून होतो. तिसऱ्या मजल्यावर आमचं चेंबर. सेशन्स कोर्ट हाकेच्या अंतरावर. बोर्डावर आपला नंबर जवळ आला की पोऱ्या धावत यायचा आणि साहेब बँड बांधत जिना उतरायचे. आपण एका जुन्या हॉटेलात बसतो हे मला पहिली काही वर्षं ठाऊकच नव्हतं.

हॉटेलचं नाव वॅटसन. जॉन वॅटसन हा मुंबईतला कापडाचा इंग्रज व्यापारी. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडून मोकळ्या झालेल्या जागेत त्याने १८६७ ते १८६९ या काळात ही इमारत उभी केली. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा, म्हणजे लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या प्रचंड छताच्या कामात ज्याचा हात होता त्या इंजिनिअरचा. तिचे लोखंडी भाग इंग्लंडमध्ये ओतले, जहाजाने आणले आणि इथे जुळवले. खोल्या १३०.

माझं म्हणणं या जुळवण्यापासूनच सुरू होतं. जुन्या दगड-विटांच्या घरांत भिंत भार पेलते, ती खचली की सगळं खचतं. इथे भार खांब-तुळयांच्या सांगाड्यावर आहे, मधल्या विटा नुसत्या भरलेल्या. पुढे जगभर उंच इमारती ज्या रीतीने बांधल्या गेल्या, तिची ही आधीची पायरी. आणि खांब बिडाचे. ज्यांच्या घरी बिडाचा तवा आहे त्यांना बीड समजावून सांगायला नको. त्यावर मणभर वजन ठेवा, हूं की चूं करणार नाही. पण हातातून फरशीवर पडला तर तडकेल, आणि ओला ठेवला तर दुसऱ्या दिवशी तांबूस होईल.

आम्ही तो ओला ठेवला. होय, आम्ही भाडेकरूंनीच. भोवतालच्या गॅलऱ्या वारा यावा म्हणून होत्या. तिथे एकेकाने पत्रे ठोकून टायपिस्टची जागा केली, कुणी मोरी काढली, पुढे एसी आले. एसीचं पाणी कुठे जातं हे कोण बघतो? मी स्वतः जुन्या ब्रीफांचे गठ्ठे गॅलरीत छतापर्यंत रचले होते. कागदाचं वजन किती असतं ते ज्याने वाहिलंय त्याला विचारा. २००५ च्या पावसाळ्यात गॅलरीचा भाग कोसळून एकाचा जीव गेला, तेव्हा मला पहिल्यांदा त्या गठ्ठ्यांची भीती वाटली. त्याच सुमारास वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिला घातलं. आम्ही ते कात्रण दारावर चिकटवलं, गठ्ठे मात्र हलवले नाहीत.

मालकाला शिव्या देणं सोपं आहे. पण १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली, आणि १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला जेमतेम ४ टक्के वाढ दिली. आमच्या चेंबरचं महिन्याचं भाडं चहावाल्याच्या बिलाहून कमी होतं. त्या पैशात बिडाचा खांब सोडा, खिडकीची बिजागरी बदलत नाही.

लोक हळवे होतात ते वेगळ्याच गोष्टींवर. मार्क ट्वेन इथे उतरला होता. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चित्रपटयंत्रणा भारतात पहिल्यांदा चालली ती इथे, तिकीट एक रुपया. त्यानंतर काही वर्षांतच सावेदादा भाटवडेकरांनी कॅमेरा मागवून कुस्ती चित्रित केली, म्हणून मराठी माणसाने या पत्त्याला थोडं तरी मानावं. जमशेटजी टाटांना इथे दारात अडवलं आणि म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही कथा आमच्याकडचा प्रत्येक अशील सांगे. कागदोपत्री पुरावा कुणीच दाखवला नाही. वकिलाच्या कारकुनाला अशा गोष्टीचं काय करायचं ते कळतं.

२०१९ मध्ये इमारत रिकामी केली. आयआयटी मुंबईच्या अहवालात ती पाडण्याची शिफारस होती, वास्तुजतन करणाऱ्या जाणकारांचं मत उलट होतं. मी इंजिनिअर नाही. पण सुट्या भागांची जुळवलेली वस्तू सुट्या भागांनीच दुरुस्त होते, एवढं सायकलवाल्यालाही कळतं. भरलेल्या विटा, पोटमाळे, पत्रे, मोऱ्या आधी काढा, मग उरलेला सांगाडा तपासा. त्यासाठी जुन्या भाडेकरूंनी पागडीचा हट्ट सोडायला हवा आणि सरकारने मालकाला खर्च निघेल असा वापर करू द्यायला हवा. पुन्हा हॉटेल का नको?

सामान हलवताना आम्ही साहेबांच्या खुर्चीमागचं प्लायवूड उखडलं. माझ्या नोकरीच्या आधीपासून ते तिथे होतं. मागे एक खांब निघाला. तिथे ना मोरी होती, ना एसी. धूळ पुसली तर खाली जुना रंग, आणि गंजाचा डाग कुठेच नाही.