नळीतील जंतू आणि आपली काटकसर

बुलढाण्यास २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा महाविद्यालयास सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असावाच लागतो. या विभागाचा उपयोग केवळ विद्यार्थ्यांच्या अध्यापनापुरता राहणार, की जिल्ह्यातील रुग्णांनाही होणार, हा खरा प्रश्न आहे. त्याचे महत्त्व लघवीच्या नळीसारख्या साध्या वस्तूवरूनही पटण्यासारखे आहे.

शस्त्रक्रियेनंतर किंवा पक्षाघातात घातलेली ही नळी रुग्णाची मोठी सोय करते. पण तीच जंतूंची वाटही होते. नळी असेपर्यंत मूत्रात जंतू शिरण्याचा धोका दररोज शेकडा ३ ते ७ इतका असतो. ई. कोलाय, क्लेब्सिएला हे बहुधा रुग्णाच्याच आतड्यातील रहिवासी. प्रोटियस हा जंतू युरियाचे विघटन करून लघवी अल्कधर्मी करतो. मग क्षार साचून नळी तुंबते. जंतू नळीवर चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषधाचा प्रभाव नीट पडत नाही.

यास्तव जंतू ओळखूनच औषध देणे इष्ट. त्यासाठी लघवीचे कल्चर करावे लागते व निष्कर्षास दोन-तीन दिवस लागतात. गंभीर रुग्णाने तोवर थांबावे काय, असा आक्षेप घेतला जाईल. तसे मुळीच नाही. आधी नमुना घ्यावा, मग औषध सुरू करावे आणि अहवालानुसार ते बदलावे. मात्र नमुना पिशवीतला नसावा. शिवाय लक्षणे नसताना केवळ जंतू सापडले म्हणजे रोग झाला, असेही नव्हे.

तपासणीचा खर्च वाचवून अंदाजाने भारी प्रतिजैविके देणे ही काटकसर नव्हे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे निर्णय एकाचा आणि किंमत मोजणारे अनेक. औषधांना न जुमानणारे जंतू पुढच्या खाटेवरील रुग्णालाही गाठतात.

म्हणून तेराही तालुक्यांतील शासकीय रुग्णालयांतून नमुने थंड पेटीत बुलढाण्यास वेळेवर पोहोचतील व अहवाल त्वरित परततील, अशी व्यवस्था शासनाने करावी. आणि ‘आज ही नळी खरोखर हवी आहे काय?’ हा बिनखर्चाचा प्रश्न प्रत्येक वॉर्डात रोज विचारला जावा. अनावश्यक नळी वेळीच काढणे, हाच सर्वांत स्वस्त उपचार होय.