केसपेपरवर न लिहिलेली सुखे

रुग्णाच्या दुःखाची नोंद आपले शास्त्र अत्यंत काटेकोरपणे करते. वेदना कोठे आहे, किती दिवसांची आहे, कशाने वाढते, कशाने कमी होते, हे विचारण्याची शिस्त विद्यार्थिदशेतच आपल्या अंगी बाणते. तंबाखू, मद्य यांसारख्या व्यसनांसाठीही केसपेपरवर स्वतंत्र जागा असते. परंतु या माणसाचा दिवस कशात आनंदाने जातो, या प्रश्नाला तेथे जागा नाही. वृद्ध रुग्णांच्या बाबतीत ही उणीव केवळ सौजन्याची नसून उपचाराचीही आहे, असे मला वाटते. स्वयंपाक, वाचन आणि दूरचित्रवाणी या तीन साध्या घरगुती सुखांपुरताच हा विचार येथे मांडतो.

वाचनापासून आरंभ करू. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम होते, सहा मीटरवरील तक्त्याची शेवटची ओळ रुग्ण वाचतो आणि आपण समाधानाने ‘६/६’ असे लिहितो. मात्र सर्वसाधारण एककेंद्री भिंग बसविल्यावर जवळचे वाचण्यास बहुधा चष्मा लागतोच. तो चष्मा वेळेवर दिला गेला नाही, किंवा घरातल्या मंद दिव्याचा कोणी विचार केला नाही, तर कागदावर यशस्वी ठरलेल्या त्या डोळ्यांना पुस्तक वाचता येत नाही. ‘आता काय वाचायचे या वयात’ असे म्हणून रुग्ण ते मुकाट्याने सोडून देतो. आपल्या नोंदीत मात्र तो पूर्ण बरा झालेला असतो.

बडोद्यातील मराठी वृद्धांच्या बाबतीत ही हानी दुप्पट आहे. शेजार गुजराती, नातवंडांची शाळा इंग्रजी, मुले अनेकदा परदेशी. अशा घरात मातृभाषेचा दिवसभराचा सोबती म्हणजे पुस्तकच. ज्या नगरीत महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे विणले, त्या नगरीत केवळ जवळच्या चष्म्याअभावी एखाद्याचे वाचन सुटावे, हे खचितच शोभत नाही. येथे १९०९ साली भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे डॉक्टरच होते आणि औषधी वनस्पतींचे जाणकारही. वैद्यक आणि वाङ्मय यांत त्यांना विरोध दिसला नाही. आपणही तो मानू नये.

दूरचित्रवाणीविषयी आपण डॉक्टर मंडळी बहुधा निषेधाच्या सुरातच बोलतो. पण १९९९ साली ‘अल्फा मराठी’ आणि पुढच्याच वर्षी ‘ई टीव्ही मराठी’ सुरू झाल्यावर महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत काय घडले, ते आठवावे. एरवी मंडळाच्या कार्यक्रमांपुरती उरलेली भाषा रोज संध्याकाळी दिवाणखान्यात बोलू लागली. मालिकांचा दर्जा हा वेगळा विषय. सासूसुनांना एकत्र बसून नावे ठेवता येतील अशी पात्रे मिळाली, हेही थोडे नव्हे.

या सुखातून माणूस बाद होतो तो कानामुळे. वयोपरत्वे येणारा बहिरेपणा प्रथम उच्च कंपनसंख्येचे ध्वनी हिरावून घेतो. स, श, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणूनच ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही तक्रार अक्षरशः खरी असते. आजोबा आवाज वाढवतात, घरचे वैतागतात, आणि अखेरीस आजोबा उठून आपल्या खोलीत जातात. हा प्रसंग घरचे हट्टीपणाचा मानतात. वस्तुतः ते श्रवणतपासणीचे निमंत्रण असते. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ सालच्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके दिले आहेत. श्रवणदोष, उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष आणि एकलकोंडेपणा हे तिन्ही त्यांत आहेत. दूरचित्रवाणीच्या आवाजावरून होणारे भांडण तेव्हा इतके क्षुल्लक नाही.

स्वयंपाकघरात तर आपला सल्ला थेट शिरतो, आणि तोही बहुधा ‘बंद करा’ या दोन शब्दांनी. मीठ कमी करा, गूळ बंद, तळलेले बंद. सल्ला योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. पण जिने चाळीस वर्षे आमटीला चव दिली, तिला नुसती बंदी न सांगता आमसूल, लिंबू, जिरे, आले यांनी कमी मिठाची उणीव कशी भरून काढावी, हे विचारले तर ती आपल्यालाच चार गोष्टी शिकवील. शेव-उसळीला बडोद्याची ओळख करून टाकणाऱ्या या शहरातील स्वयंपाकघरे नवे स्वीकारण्यात कधीच मागे नव्हती.

खुब्याचे हाड मोडल्यावर किंवा अर्धांगवायूनंतर आजींना ओट्यापाशी येण्यास मनाई होते, तीही मायेपोटीच. परंतु व्यवसायोपचार नित्याच्या कामांतूनच हातांना बळ देतो. कणीक मळणे, मटार सोलणे, वालाच्या बिरड्याची साले काढणे, यांहून बोटांना रुचणारा व्यायाम कोणता? टेकून बसता येईल अशी भक्कम खुर्ची आणि विस्तवापासून अंतर एवढी सावधगिरी बाळगली, तर तिला घरातील तिचे स्थान परत मिळते.

यावर दोन आक्षेप येतील. स्वयंपाक हे प्रत्येक स्त्रीचे सुख नव्हे. अनेकींच्या वाट्याला तो केवळ कष्ट म्हणूनच आला. हे मान्य आहे, आणि म्हणूनच गृहीत न धरता विचारावयाचे. एखादी म्हणेल, ‘सुटले एकदाची’, तर तीही नोंद मोलाची. दुसरा आक्षेप दूरचित्रवाणीसमोर तासन्‌तास बसण्याचा आणि ताट घेऊन जेवण्याचा. लक्ष अन्यत्र असताना माणूस अधिक खातो, हे सिद्ध झालेलेच आहे. पण त्यावर उपाय म्हणजे ताट तेथून हलविणे आणि जाहिरातीच्या वेळी चार पावले चालणे. संच बंद करून वृद्धाला भिंतीकडे पाहत बसविणे नव्हे.

तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा. परंतु ‘काय वाचता? टीव्हीतले बोलणे कळते का? स्वयंपाकघरात जाता का?’ या तीन प्रश्नांना एक मिनिटही लागत नाही. त्यांच्या उत्तरांतून दृष्टी, श्रवण, स्मृती, सांधे, तोल आणि मनःस्थिती यांचा जो अंदाज येतो, तो अनेक महागड्या चाचण्या देत नाहीत. आवडीची मालिका अचानक नकोशी होणे हे नैराश्याचे, आणि हातखंडा पदार्थाची कृती चुकू लागणे हे स्मृतिभ्रंशाचे पहिले लक्षण असू शकते.

मंडळाच्या यापुढील आरोग्य शिबिरांत रक्तदाब आणि साखरेच्या मेजाशेजारी आणखी एक मेज मांडावे, अशी माझी सूचना आहे. त्यावर वृत्तपत्राच्या टायपातील मराठी मजकुराचा एक कागद, चांगला दिवा आणि जवळच्या चष्म्याचे काही नमुने असावेत. सोबत श्रवणाची प्राथमिक तपासणी असावी. खर्च किरकोळ आहे. आयुष्याची वर्षे वाढविण्यात आपल्या पिढीच्या डॉक्टरांनी मोठे यश मिळविले. त्या वाढलेल्या वर्षांत दुपारी पुस्तक उघडता यावे, संध्याकाळी घरच्यांसमवेत हसता यावे आणि फोडणीचा वास घेत ‘जरा हिंग कमी पडला’ असे म्हणता यावे, हेही आपल्याच कर्तव्यात बसते.