स्वस्त साधन, सूत्रे कोणाची?

अमेरिकेतील छोट्या चर्चना स्वतःचे नभोवाणी केंद्र एकेकाळी परवडणारे नव्हते. तेथील दूरसंचार आयोगाने २००० मध्ये बिगरव्यापारी संस्थांसाठी १०० वॅटपर्यंतच्या एफएम केंद्रांची वाट मोकळी केली. पल्ला जेमतेम पाच-सहा किलोमीटरचा. तरीही बड्या प्रसारकांच्या विरोधामुळे अमेरिकी काँग्रेसने त्याच वर्षी त्यांवर निर्बंध घातले. जानेवारी २०११ मधील कायद्याने ते सैल झाले आणि अनेक चर्चनी परवाने मिळविले. २०२० च्या कोरोना साथीत उपासना यूट्यूब, फेसबुकवरून विनामूल्य घरोघरी पोहोचली. मात्र तेथील नियम कंपन्यांचे, आणि इंटरनेट नसलेले वृद्ध भाविक वंचितच. त्यामुळे साधन निवडताना किमतीबरोबरच सूत्रे कोणाच्या हाती राहणार, हेही चर्चना पाहावे लागेल.