दोन पासपोर्ट, एक प्रवासी: कोणत्या दारात कोणता पासपोर्ट?

१/२०
३ जानेवारी १९४६ रोजी लंडनच्या वॉन्ड्सवर्थ तुरुंगात विल्यम जॉइस याला ब्रिटनशी द्रोह केल्याबद्दल फाशी देण्यात आली. तो ब्रिटनचा प्रजाजन नव्हता, हे त्याच खटल्यात मान्य झाले होते. मग जो देश त्याचा नव्हताच, त्या देशाशी द्रोह झाला कसा? या प्रश्नाचे उत्तर एका पासपोर्टमध्ये होते.

२/२०
दोन देशांचे नागरिकत्व असलेल्या प्रवाशाने विमानतळावर कोणता पासपोर्ट दाखवावा, हा प्रश्न आज सहसा रांग आणि व्हिसा वाचवण्याच्या दृष्टीने विचारला जातो. त्याचे खरे उत्तर मात्र इतिहासात आहे, आणि ते सोयीपेक्षा निष्ठा व संरक्षण यांच्याशी निगडित आहे. त्या उत्तराचा हा धागा.

३/२०
जॉइसचा जन्म १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाला. वडिलांनी आधीच अमेरिकन नागरिकत्व घेतले होते, म्हणून मुलगाही अमेरिकन. बालपण आयर्लंडमध्ये गेले, तारुण्य इंग्लंडमध्ये. १९३३ मध्ये त्याने आपला जन्म आयर्लंडमधील गॉलवे येथे झाल्याचे खोटे सांगून ब्रिटिश पासपोर्ट मिळवला. ऑगस्ट १९३९ मध्ये त्याची मुदत वर्षभर वाढवून घेतली आणि तो जर्मनीला निघून गेला.

४/२०
महायुद्धात नाझी नभोवाणीवरून ब्रिटिश श्रोत्यांना खच्ची करणारा ‘लॉर्ड हॉ-हॉ’ म्हणून जग त्याला ओळखते. खटल्यात त्याचा बचाव सरळ होता: मी ब्रिटिश नाही, तर ब्रिटनशी द्रोह कसा करीन? न्यायालयाचे उत्तर असे की, ब्रिटिश पासपोर्ट हाती होता तोवर त्याने राजसत्तेच्या संरक्षणावर हक्क सांगितला होता. आणि जो संरक्षण घेतो, त्याच्यावर निष्ठेचे ऋणही येते.

५/२०
म्हणूनच पासपोर्टची मुदत संपेपर्यंतच्या, म्हणजे जुलै १९४० पर्यंतच्या, कृत्यांबद्दलच त्याला दोषी ठरवले गेले. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हा निर्णय एकमताचा नव्हता. लॉर्ड पोर्टर यांनी भिन्नमत नोंदवले. खोटे बोलून मिळवलेल्या कागदावरून माणसाला फासावर चढवावे का, हा आक्षेप कायदेपंडित आजही घेतात. तो आक्षेप रास्त आहे. पण राज्यसंस्था पासपोर्टकडे कोणत्या नजरेने पाहते, हे त्या निकालाने लख्ख दाखवले.

६/२०
दुसरे प्रकरण खऱ्याखुऱ्या दुहेरी नागरिकाचे. तोमोया कावाकिता १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात जपानी आईवडिलांच्या पोटी जन्मला. जन्मभूमीमुळे अमेरिकन, वंशामुळे जपानी. १९३९ मध्ये तो अमेरिकन पासपोर्टवर जपानला गेला. युद्ध पेटल्यावर तो तिथेच अडकला, १९४३ मध्ये जपानी कुटुंबनोंदवहीत त्याने नाव घातले आणि युद्धकैद्यांना राबवणाऱ्या एका कंपनीत दुभाषा म्हणून काम धरले.

७/२०
तेथे त्याने अमेरिकन कैद्यांचा छळ केला. युद्ध संपताच त्याने अमेरिकन वकिलातीत आपण अमेरिकन असल्याची शपथ घेतली आणि १९४६ मध्ये अमेरिकन पासपोर्टवर परतला. लॉस एंजेलिसच्या एका दुकानात एका माजी युद्धकैद्याने त्याला ओळखले. खटला उभा राहिला. बचाव: त्या काळात मी जपानी होतो.

८/२०
१९५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी त्याची देशद्रोहाची शिक्षा कायम केली. दुहेरी नागरिकावर दोन्ही देशांचे ऋण असते. एका देशाचे हक्क बजावले म्हणून दुसऱ्याचे ऋण आपोआप फिटत नाही, असे न्यायालयाने म्हटले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी फाशीऐवजी जन्मठेप दिली. १९६३ मध्ये केनेडी यांनी त्याला सोडले, ते जपानला पाठवणी करण्याच्या अटीवर.

९/२०
या दोन माणसांबद्दल कोणाला सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. पण त्यांची प्रकरणे एक मूलभूत गोष्ट शिकवतात. पासपोर्ट म्हणजे नुसता दार उघडणारा कागद नव्हे. तो दाखवणारा माणूस ‘मी तुमचा आहे, मला सांभाळा’ असे म्हणत असतो, आणि राज्यसंस्था ते वाक्य लक्षात ठेवते.

१०/२०
या नजरेची मुळे जुनी आहेत. ‘एकदा इंग्रज तो कायमचा इंग्रज’ हे ब्रिटनचे शतकानुशतकांचे तत्त्व होते. त्याच आधारावर ब्रिटिश आरमार अमेरिकन जहाजांवरील खलाशांना ‘तुम्ही मूळचे आमचेच’ म्हणून उचलून नेई. १८१२ च्या ब्रिटन-अमेरिका युद्धाचे हे एक प्रमुख कारण. त्या खलाशांच्या नव्या नागरिकत्वाला जुन्या मालकाच्या लेखी किंमत शून्य होती.

११/२०
स्थलांतर वाढले तसे हे तत्त्व टिकेना. १८६८ मध्ये अमेरिकेने नागरिकत्व सोडण्याचा हक्क कायद्याने मान्य केला. १८७० मध्ये ब्रिटनने जन्मभराच्या निष्ठेचा आग्रह सोडला. पासपोर्ट मात्र तेव्हा आजच्यासारखा सक्तीचा नव्हता. पहिल्या महायुद्धाने तो सक्तीचा केला, आणि १९२० मध्ये पॅरिसच्या परिषदेत राष्ट्रसंघाने पुस्तिकेचा एकसारखा नमुना सुचवला. ब्रिटिश हिंदुस्थानातील पासपोर्ट कायदाही त्याच वर्षीचा.

१२/२०
दुहेरी नागरिकाची सनद म्हणावी असा दस्तऐवज १९३० चा: हेग येथील राष्ट्रीयत्वविषयक करार. त्यातील तीन सूत्रे आजही उपयोगी आहेत. एक, दोन्ही देश अशा व्यक्तीला आपापला नागरिक मानू शकतात. दोन, एक देश तिच्या वतीने तिच्याच दुसऱ्या देशाविरुद्ध राजनैतिक संरक्षण देऊ शकत नाही. तीन, तिसरा देश तिला एकाच राष्ट्रीयत्वाची व्यक्ती म्हणून वागवील.

१३/२०
प्रवासाचा नियम या सूत्रांतूनच निघतो. ज्या देशाचे नागरिकत्व आहे, त्या देशात शिरताना आणि तेथून निघताना त्याच देशाचा पासपोर्ट दाखवावा. अमेरिकेच्या कायद्यात हे बंधन स्पष्ट आहे. २०१६ पासून विमानाने कॅनडाला जाणाऱ्या दुहेरी नागरिकांना कॅनडाचा पासपोर्ट लागतो. अमेरिकन-कॅनेडियन नागरिकांना तेवढी सूट आहे. विमान कंपनीच्या खिडकीवर मात्र जेथे उतरायचे आहे तेथे प्रवेश देणारा पासपोर्ट दाखवावा, कारण कंपनी तेवढेच तपासते.

१४/२०
तिसऱ्या देशात निवड खरोखर प्रवाशाची असते. व्हिसा लागत नाही तो पासपोर्ट वापरण्यात गैर काही नाही. पण ज्यावर प्रवेशाचा शिक्का, त्यावरच निर्गमन. आणि संकट आले तर मदतीसाठी प्रथम त्याच देशाच्या वकिलातीकडे पाहावे लागेल. म्हणजे येथेही सोयीबरोबर संरक्षणाची निवड होतेच.

१५/२०
‘पासपोर्ट हे साधन आहे, जेथे जे चालेल ते चालवावे,’ असा युक्तिवाद हल्ली वरचेवर ऐकू येतो. त्यात एक धोका आहे. आपल्याच एका देशात परक्या पासपोर्टवर शिरणाऱ्याला वाटते की दुसरा देश पाठीशी उभा आहे. प्रत्यक्षात हेगचे दुसरे सूत्र आडवे येते. अटक झाली, सक्तीची लष्करी सेवा मागितली, तर तो देश त्याला आपलाच माणूस मानतो, आणि दुसऱ्या देशाची वकिलात बहुधा हात वर करते.

१६/२०
भारताचे काय? येथे हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. १९५६ च्या नियमांनी परदेशी पासपोर्ट मिळवणे हा त्याचा निर्णायक पुरावा ठरवला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम वैध ठरवला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला.

१७/२०
याची सर्वाधिक झळ गोव्याला लागते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६२ च्या आदेशाने तेथील लोक भारतीय नागरिक झाले. आधीचे राष्ट्रीयत्व राखायचे असेल त्यांना लेखी कळवण्यास एक महिन्याची मुदत होती. एका ज्येष्ठ धर्मगुरूंनी, मोंतेइरो यांनी, पोर्तुगीज राहणे पसंत केले. वास्तव्याचा परवाना संपल्यावरही ते गोव्यातच राहिले, खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले.

१८/२०
पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व १९७४ च्या अखेरच्या करारात मान्य केले. पण मुक्तीपूर्वी जन्मलेल्या गोमंतकीयांसाठी व त्यांच्या पुढच्या पिढ्यांसाठी पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट खुली राहिली. २०२० च्या अखेरपर्यंत युरोपीय संघाचा पासपोर्ट म्हणजे ब्रिटनमधील रोजगाराची किल्ली होती. इंग्लंडच्या स्विंडनमधील मोठी गोमंतकीय वस्ती त्यातूनच वाढली. लिस्बनमध्ये नुसती जन्मनोंदणी झाली की नागरिकत्व घेतले असे मानावे का, हा वाद गोव्यात वर्षानुवर्षे चालू आहे. पोर्तुगीज पासपोर्ट हाती आल्यावर मात्र भारतीय पासपोर्ट ठेवणे हा पर्याय उरत नाही. तो परत करून, २००५ मध्ये सुरू झालेल्या योजनेतील ओसीआय कार्ड घेऊन यावे लागते. त्यात मताधिकार नाही, शेतजमीन विकत घेण्याचा हक्क नाही.

१९/२०
येथे कायद्याने आणि समाजाने भेद करायला हवा. दोन पासपोर्ट लपवून दोन्हीकडचे लाभ उपटणारा वेगळा, आणि आजोबांच्या काळातील राजवटीमुळे दुसऱ्या देशाच्या नोंदवहीत पोहोचलेला वेगळा. कायद्याला हा विवेक अपरिचित नाही. दोन नागरिकत्वे घेऊन जन्मलेल्या बालकाला सज्ञान झाल्यावर निवडीसाठी तो सहा महिने देतो. २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रद्द झालेल्या पासपोर्टचे प्रमाणपत्रही गोमंतकीयांच्या ओसीआय अर्जांसाठी ग्राह्य धरले. हीच दिशा योग्य आहे. नियम ठाम असावा. पण तो आधी समजावून सांगितलेला असावा, आणि चुकलेल्याला परतीची वाट असावी.

२०/२०
म्हणून जेथे दोन नागरिकत्वे कायदेशीर आहेत, तेथे ज्या देशाचे दार, त्या देशाचा पासपोर्ट. भारतासारख्या देशात निवड विमानतळावर करायची नसते. ती दुसऱ्या पासपोर्टच्या अर्जावर सही करतानाच झालेली असते. गोव्यातील एखादा तरुण आज त्या अर्जापुढे बसला असेल, तर त्याला परदेशातल्या पगाराचा आकडा ठाऊक असतो. त्या सहीबरोबर मतदारयादीतले आपले नाव जाणार आहे, हेही त्याला त्याच वेळी कोणीतरी सांगितले पाहिजे.